बातमी प्रस्तुत केव्हा ठरते?

प्राचीन न्यायशास्त्रात वादात पराभव झाल्याची जी बावीस स्थाने सांगितली आहेत, त्यांत ‘अर्थान्तर’ नावाचे एक आहे. वादी एका विषयाची सिद्धी करण्यास उभा राहतो आणि बोलता बोलता दुसऱ्याच विषयाकडे वळतो. तो जे बोलतो ते खोटे नसते, किंबहुना पुष्कळदा निर्विवाद असते. तथापि ज्या प्रश्नासाठी सभा भरली आहे त्याच्याशी त्याचा संबंध उरलेला नसतो. वात्स्यायनाने आपल्या भाष्यात याचे मोठे मार्मिक उदाहरण दिले आहे. शब्द नित्य आहे असे प्रतिपादणारा एक जण आपल्या पक्षाचा हेतू सांगतो, आणि लगेच ‘हेतु’ हा शब्द कोणत्या धातूस कोणता प्रत्यय लागून सिद्ध झाला, याचे विवेचन करू लागतो. व्याकरण अचूक, पण वाद हरलेला!

ज्या काशीत अशा वादसभांची परंपरा शतकानुशतके नांदली, त्याच काशीतील एका घाटाच्या आधाराने प्रस्तुत व्याख्यानाचा विषय मांडावयाचा आहे. विषय तसा शाळा-महाविद्यालयांतला वाटेल. एखाद्या वादग्रस्त प्रश्नावर आपला पक्ष मांडणारा निबंध लिहावयाचा असतो, त्यासाठी विद्यार्थी वृत्तपत्रांतील बातम्या जमवितो, आणि जमविलेल्या बातम्यांतून कोणत्या घ्याव्यात व कोणत्या सोडाव्यात हे त्याला ठरवता येत नाही. परिणामी तो सगळ्याच घेतो. निबंध लांबतो, परीक्षकाच्या मनावर वाचनाची छाप पडते, आणि मूळ प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो. ग्रंथालयात जुनी वृत्तपत्रे चाळणाऱ्या प्रौढ वाचकाचीही स्थिती याहून फारशी निराळी नसते.

काशीत दशाश्वमेधाच्या दक्षिणेस, अहिल्याबाई घाट आणि दरभंगा घाट यांच्यामध्ये मुन्शी घाट आहे. नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर मुन्शी यांनी तो बांधविला आणि त्यांच्यावरूनच त्याला नाव पडले. नदीच्या पात्रातून पाहताना नजर खिळवून ठेवणारी जी भव्य दगडी वास्तू येथे उभी आहे, तिच्यामुळे चित्रकारांचे व छायाचित्रकारांचे या भागाकडे सतत लक्ष गेले. या घाटाच्या पायऱ्यांवर पहाटे स्नानाला उतरणाऱ्या माणसाच्या दृष्टीने एक प्रश्न अगदी जिव्हाळ्याचा आहे. निबंधाचा विषय म्हणून तो असा मांडता येईल: ‘काशीच्या मध्यवर्ती घाटांवर गंगेचे पाणी आज स्नानास योग्य आहे, हे विधान स्वीकारावे काय? सकारण लिहा.’

या विषयावर कात्रणे गोळा करावयास बसले तर अर्ध्या दिवसात टोपली भरेल. गंगेविषयी जितके छापले गेले आहे तितके भारतातल्या दुसऱ्या कोणत्याही नदीविषयी क्वचितच छापले गेले असेल. म्हणूनच निवडीचा प्रश्न येथे इतर विषयांपेक्षा अधिक बिकट होतो.

निवडीचा आरंभ बातम्यांपासून करावयाचा नसून प्रश्नापासून करावयाचा असतो. वरील प्रश्नातील प्रत्येक शब्द विद्यार्थ्यावर काही बंधन घालतो. ‘मध्यवर्ती घाट’ या शब्दांनी स्थळ बांधले आहे. ‘आज’ या शब्दाने काळ बांधला आहे. ‘स्नानास योग्य’ हे शब्द तर माप ठरवून देतात. कारण पाणी सुंदर आहे, पवित्र आहे, नितळ आहे किंवा पूर्वीपेक्षा बरे आहे असे येथे विचारलेलेच नाही. स्नानास योग्य पाणी म्हणजे काय, हे भारतात नियमाने ठरलेले आहे. एक लिटर पाण्यात विरघळलेला प्राणवायू निदान ५ मिलिग्रॅम असावा, जैविक प्राणवायू-मागणी ३ मिलिग्रॅमहून अधिक नसावी, आणि १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठाजन्य कोलिफॉर्म जंतूंची संभाव्य संख्या शक्यतो ५०० पर्यंत, व कोणत्याही परिस्थितीत २,५०० च्या आत असावी, असा तो दंडक आहे. शेवटी ‘स्वीकारावे काय’ या शब्दांनी विद्यार्थ्याकडून निर्णय मागितला आहे. वर्णन मागितलेले नाही.

एवढे ध्यानी घेतल्यावर बातमीची परीक्षा करण्याचा एक साधा उपाय हाती येतो. बातमी मनातल्या मनात उलटी करून पाहावी. जे घडले असे तीत म्हटले आहे ते घडलेच नाही, किंवा त्याच्या विरुद्ध घडले, अशी कल्पना करावी. त्यामुळे प्रश्नाच्या उत्तराचे पारडे तसूभरही हलत नसेल, तर ती बातमी अप्रस्तुत होय, मग ती कितीही मोठ्या मथळ्याने छापलेली असो.

देवदिवाळीच्या रात्री काशीच्या घाटांवर लक्षावधी दिवे लागतात, कार्तिकी पौर्णिमेला प्रचंड समुदाय स्नान करतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या बातम्या छायाचित्रांसह येतात. अशा बातमीत ‘काशी’, ‘गंगा’, ‘घाट’, ‘स्नान’ हे प्रश्नातले सगळे शब्द हजर असतात, आणि विद्यार्थी नेमका येथेच फसतो. समजा त्या वर्षी पावसामुळे गर्दी निम्मी झाली असती. तर पाणी अधिक अयोग्य ठरले असते काय? मुळीच नाही. गर्दी ही श्रद्धेची साक्ष आहे, पाण्याची नव्हे. निबंधाच्या प्रास्ताविकात, हा प्रश्न किती माणसांच्या जीवनाला स्पर्श करतो हे सांगण्यासाठी तिचा उपयोग होईल, परंतु पुरावा म्हणून तिला स्थान नाही. मुन्शी घाटाला लागून असलेल्या राजवाड्यात आता हॉटेल थाटले आहे, ही बातमी तर प्रास्ताविकातही नको.

याच्या उलट प्रकार अधिक उद्बोधक आहे. काशीतील सांडपाणी नदीत जाऊ नये म्हणून घाटांच्या कडेने उपसा केंद्रे बसविण्यात आली. तेथील पंप मैला वर उचलून शुद्धीकरण केंद्राकडे धाडतात. हे पंप विजेवर चालतात. वीज गेली की पंप थांबतात, आणि पंप थांबले की मैला उताराने नदीकडे धावतो. तेव्हा शहरातील वीजपुरवठा अमुक तास खंडित राहिला, अशी आतल्या पानावरची दोन इंची बातमी या निबंधाला दीपोत्सवाच्या पूर्ण पानापेक्षा कितीतरी जवळची असते. तीत गंगेचे नावही नसेल. ती उलटी करून पाहिली तर मात्र उत्तर हलते. शब्दांची जुळणी पाहून कात्रणे काढणाऱ्याच्या टोपलीत ही बातमी कधीच पडणार नाही. पाणी कोठून येते व कोठे जाते याची ज्याला कल्पना आहे, त्यालाच ती सापडेल.

हीच गोष्ट स्थळाची. काशीत गंगा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. अस्सीचा नाला शहराच्या दक्षिण टोकास, नगव्याच्या बाजूला नदीस मिळतो, आणि वरुणा उत्तर टोकास, आदिकेशवापाशी. मुन्शी घाट या दोहोंच्या मध्ये आहे. म्हणजे अस्सी नाल्यातून किती मैला वाहत आला, ही बातमी मुन्शी घाटावर स्नान करणाऱ्याच्या अंगाशी येऊन भिडते. वरुणेच्या घाणीची बातमी तितकीच खरी, तितकीच संतापजनक असली तरी त्याच्या खालच्या अंगाची आहे. दोन्ही बातम्यांचा मथळा मात्र ‘काशीत गंगा प्रदूषित’ असाच असेल! केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे काशीतील नमुने घेण्याचे एक ठिकाण शहराच्या वरच्या अंगास अस्सी घाटापाशी, तर दुसरे खालच्या अंगास मालवीय पुलाजवळ आहे. शहर ओलांडताना नदी शहराचे ओझे घेऊन पुढे जाते, म्हणून दोन ठिकाणच्या आकड्यांत अंतर पडू शकते. बातमीदाराने त्यांतला एकच आकडा घेऊन ‘काशीतील पाणी’ असे म्हटले असेल, तर तो कोणत्या ठिकाणचा हे शोधल्याविना विद्यार्थ्याने तो वापरू नये. नमुना प्रवाहाच्या मध्यावर घेतला की काठाशी, हेही पाहण्यासारखे आहे. स्नान करणारा काठाशी उभा असतो.

अलीकडच्या वर्षांतील तीन-चार प्रसिद्ध बातम्या या कसोटीला लावून पाहणे उपयुक्त होईल.

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली आणि एप्रिलच्या आरंभी काशीतील गंगा नितळ झाल्याची छायाचित्रे सर्वत्र झळकली. पाण्याची गुणवत्ता चाळीस ते पन्नास टक्क्यांनी सुधारली, असे तज्ज्ञांच्या हवाल्याने छापून आले. स्थळ जुळते, विषय जुळतो. तरीही प्रथम विचारावयाचे ते हे की, सुधारली ती कोणत्या मापाने? नितळपणा डोळ्यांना दिसतो. जंतू दिसत नाहीत. कारखाने बंद होते, नावा बंद होत्या, परंतु घराघरांतील सांडपाणी काही बंद नव्हते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्या काळातील नमुन्यांवरून जो अहवाल दिला, त्यात विरघळलेल्या प्राणवायूची थोडी वाढ नोंदली गेली, पण नदीच्या एकंदर गुणवत्तेत लक्षणीय सुधारणा आढळली नाही, आणि त्याचे एक कारण सांडपाणी वाहत राहिले हेच होते. शिवाय प्रश्नातला ‘आज’ हा शब्द आहेच. २०२० चा एप्रिल हा आज नव्हे, आणि तसला एप्रिल रोज यावा अशी कोणाचीही इच्छा नसेल. ही बातमी निबंधात येऊ शकते, पण ती एका वेगळ्या कामासाठी: कारखाने थांबले असतानाही जंतूंचा प्रश्न का उरला, हे दाखविण्यासाठी. कात्रण तेच, त्याचे काम मात्र बदलले.

२०२१ च्या मे महिन्याच्या अखेरीस व जूनमध्ये काशीच्या घाटांवरचे पाणी हिरवे दिसू लागले. ते शेवाळ होते. पाहणी पथकाने वरच्या अंगास विंध्याचल येथील सांडपाणी केंद्राकडे बोट दाखविले. ही बातमी प्रस्तुत आहे, कारण ती वरच्या अंगाची आहे आणि पाण्यात पोषक द्रव्ये साचल्याचे व प्रवाह मंद असल्याचे सुचविते. तिचे वजन मात्र जपून ठरविले पाहिजे. हिरवे पाणी पाहून मनाला बसणारा धक्का आणि जंतूंच्या मोजमापाने सिद्ध होणारी गोष्ट, या दोन भिन्न वस्तू आहेत.

२०२५ च्या महाकुंभाच्या वेळची बातमी याहून अवघड आहे. प्रयागराज येथील अनेक ठिकाणचे पाणी विष्ठाजन्य कोलिफॉर्मच्या मापाने स्नानाच्या दंडकात बसत नाही, असे केंद्रीय मंडळाने ३ फेब्रुवारी २०२५ च्या अहवालात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे सांगितले. त्यानंतर महिनाअखेरीच्या दुसऱ्या अहवालात त्याच मंडळाने सांख्यिकी विश्लेषणाच्या आधारे पाणी स्नानयोग्य असल्याचे नोंदविले. माप नेमके प्रश्नातलेच आहे. काळही निकटचा आहे. पण स्थळ? प्रयागराज काशीच्या वर, नदीच्या वाटेने शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे, आणि कोलिफॉर्म जंतू एवढ्या वाटचालीत मोठ्या प्रमाणात मरतात. म्हणून संगमावरचा आकडा मुन्शी घाटाचा आकडा म्हणून लिहिणे हे सरळ अर्थान्तर होय. परंतु एकाच मोसमातील मोजमापांतून दोन निष्कर्ष कसे निघतात, सरासरी घेतली की वाईट दिवस कसे लपतात, आणि स्नान करणाऱ्या माणसाला सरासरी नको, तो उतरतो त्या दिवसाचे पाणी हवे असते, हा मुद्दा मांडावयाचा असेल, तर याच बातमीसारखी दुसरी बातमी मिळणार नाही. येथे ती दाखला म्हणून येते, साक्षीदार म्हणून नव्हे. आणि निबंधात हा भेद एका वाक्यात स्पष्ट केलाच पाहिजे.

विद्यार्थी आणखी एके ठिकाणी हमखास घसरतो. बातमी प्रस्तुत आहे की नाही आणि सांगणारा निःपक्ष आहे की नाही, या दोन चौकशा तो एकत्र करतो. संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र हे काशी हिंदू विश्वविद्यालयात जलविज्ञान शिकविणारे अभियंते होते आणि गंगेत नित्य स्नान करणारे भक्तही होते. १९८२ मध्ये त्यांनी गंगेच्या स्वच्छतेसाठी संस्था उभारली. तुळशी घाटावरील तिच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासले जाऊ लागले, आणि ते आकडे सरकारी दाव्यांना वारंवार आव्हान देत राहिले. मिश्र २०१३ मध्ये निवर्तले. ही संस्था वादातला एक पक्ष आहे, म्हणून तिचे आकडे सोडून द्यावेत, असे काही जण म्हणतात. हे बरोबर नाही. काशीच्या काठावरचा, ठरलेल्या मापाचा, तारीखवार आकडा हा कोणीही मोजलेला असला तरी प्रस्तुतच आहे. मोजणाऱ्याचा हेतू, त्याची पद्धत, नमुन्यांची संख्या, हे सारे नंतर पाहावयाचे; आणि तीच चौकशी सरकारी आकड्यांचीही करावयाची. विरघळलेला प्राणवायू पुरेसा आहे, एवढेच सांगून जे निवेदन थांबते, ते कोलिफॉर्मविषयी गप्प का आहे, असे विचारण्याचा अधिकार निबंधलेखकाला आहे.

मतपर लेखनाविषयीही येथेच दोन शब्द सांगावेत. काशीच्या ‘आज’ या हिंदी दैनिकाचे ख्यातनाम संपादक बाबूराव विष्णू पराडकर हे काशीत जन्मलेले मराठी गृहस्थ. १९२० मध्ये निघालेल्या या पत्राच्या अग्रलेखांनी त्यांनी एक पिढी घडविली. चांगला अग्रलेख वाचल्यावर विद्यार्थ्याला वाटते की, आता निराळ्या पुराव्याची गरजच नाही. अग्रलेख हा दुसऱ्या कोणाचा तरी निबंध असतो. त्यातील युक्तिवाद घ्यावा, खोडावा, पुढे न्यावा. पण ‘अमुक पत्राने पाणी अयोग्य म्हटले आहे’ हे पाणी अयोग्य असल्याचे प्रमाण होत नाही. त्या अग्रलेखाने ज्या मोजमापाचा आधार घेतला असेल, तेथपर्यंत मागे जावे लागते.

राहिल्या योजनांच्या बातम्या. टोपलीतला मोठा गठ्ठा त्यांचाच असतो. १४ जून १९८६ रोजी राजीव गांधी यांनी काशीतच गंगा कृती योजनेचा आरंभ केला. तिचा पहिला टप्पा मार्च २००० मध्ये संपल्याचे जाहीर झाले. २०१४ मध्ये ‘नमामि गंगे’ ही वीस हजार कोटी रुपयांची योजना घोषित झाली. १२ नोव्हेंबर २०१८ रोजी दीनापूर येथील दररोज १४ कोटी लिटर क्षमतेच्या शुद्धीकरण केंद्राचे उद्घाटन झाले. यांतील प्रत्येक गोष्ट महत्त्वाची, आणि ‘पाणी आज स्नानास योग्य आहे काय’ या प्रश्नाला यांतील एकही बातमी थेट उत्तर देत नाही. उद्घाटन म्हणजे शुद्धीकरण नव्हे, आणि क्षमता म्हणजे प्रत्यक्ष शुद्ध झालेले पाणी नव्हे. केंद्रापर्यंत मैला पोहोचावा लागतो, यंत्रे चालावी लागतात. दीनापूरच्या बातमीला निबंधात जागा मिळेल ती तेथे प्रत्यक्ष किती सांडपाणी पोहोचते याची दुसरी बातमी तिच्या जोडीला असेल तरच.

परंतु प्रश्नातले चार शब्द बदलून पाहावेत. ‘गंगेच्या शुद्धीसाठी शासनाने पुरेसे प्रयत्न केले काय?’ असा प्रश्न आला की बाजूला ठेवलेला हा सारा गठ्ठा पुन्हा समोर येतो. १९८६ चे कात्रण आता पहिल्या परिच्छेदात बसते, २०१८ चे उद्घाटन पुरावा बनते, आणि कोलिफॉर्मचा आकडा त्या प्रयत्नांचे फळ मोजण्यापुरता मागे सरतो. म्हणून एकदा अप्रस्तुत ठरलेली कात्रणे फाडून टाकू नयेत. त्यांवर वृत्तपत्राचे नाव व तारीख लिहून ती निराळ्या पाकिटात ठेवावीत. तारीख नसलेले कात्रण मात्र ठेवून उपयोग नाही.

आता प्रश्न आणखी दूर नेऊन पाहावा: ‘काशीच्या घाटांच्या उभारणीत मराठी राज्यांचा वाटा मोठा होता काय?’ पाण्याचे सारे आकडे एका क्षणात अप्रस्तुत झाले, आणि आतापर्यंत नुसती पार्श्वभूमी असलेली एक गोष्ट मध्यभागी आली: मुन्शी घाट कोणी व केव्हा बांधला? येथे छापील मजकुरांत फरक पडतो. काही ठिकाणी १८१२ साल दिले आहे, काही ठिकाणी १९१२. पहिल्या प्रश्नाच्या दृष्टीने या शंभर वर्षांना काडीचीही किंमत नव्हती. या प्रश्नात मात्र सगळा भार तेथेच पडतो. निवाडा करणे कठीण नाही. नागपूरचे भोसल्यांचे राज्य ब्रिटिशांनी १८५४ मध्ये खालसा केले. तेव्हा नागपूर राज्याच्या मंत्र्याने १९१२ मध्ये घाट बांधणे शक्य नाही, आणि त्या सालापूर्वी छापलेल्या प्रवासी पुस्तकांतही या घाटाचे नाव येते. घाटाचा काही भाग पुढे १९१५ मध्ये दरभंग्याच्या महाराजांनी विकत घेतला असे सांगतात. ज्या माहितीपत्रांत हे महाराज म्हणजे कामेश्वर सिंह असे छापले आहे, त्यांनी १९०७ मध्ये जन्मलेल्या आणि १९२९ मध्ये गादीवर आलेल्या पुत्राला पिता रामेश्वर सिंह यांच्या जागी बसविले आहे.